तोल आणि पडणे

मुलांनी मैदानावर जावे असे वडील मंडळींस मनापासून वाटते. परंतु हातपाय मोडून घेतील ही धास्तीही सुटत नाही. धास्ती अस्थानी नाही. तथापि पडणे कसे घडते हे समजले, तर ते पुष्कळ अंशी टाळता येते, आणि न टळल्यास इजा तरी कमी करता येते. म्हणून या लेखांकात तोलाच्या शास्त्राचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

‘तोल’ हा शब्द संस्कृत ‘तुल्’ धातूचा. वजन करणे हा त्याचा अर्थ. शरीराचा सर्व भार ज्या एका बिंदूत एकवटला आहे असे मानता येते, त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. सरळ उभ्या माणसाच्या ठायी तो बेंबीच्या किंचित खाली असतो. तेथून सोडलेला ओळंबा दोन्ही पावले व त्यांमधील जागा यांच्या आत पडतो तोवर माणूस उभा राहतो. बाहेर गेला की पाऊल टाकावे लागते, नाहीतर पडावे लागते.

घरातील तरुणांनी एक प्रयोग करून पाहावा. टाचा व पाठ भिंतीस टेकवून उभे राहावे आणि गुडघे न वाकविता पायांचे अंगठे धरू पाहावे. एरव्ही सहज वाकणाराही पुढे झोके खाऊ लागतो. वाकताना आपण नकळत कंबर मागे नेऊन तोल सावरतो. भिंत नेमके तेवढेच करू देत नाही.

मल्लाचा पवित्रा याच तत्त्वावर उभारलेला आहे. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, कंबर खाली. म्हणजे आधार रुंद आणि गुरुत्वमध्य सखल. प्रतिस्पर्ध्याचा ओळंबा त्याच्या पावलांबाहेर नेणे हेच बहुतेक डावांचे मर्म. कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत वाढले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवरील अपरिचित कुस्तीतही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला आणि १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मातीत पाऊल थोडे रुतते, गादीवर तसे रुतत नाही. म्हणजे पायाखालची भूमी पालटली की तोलाचा हिशेबही नव्याने मांडावा लागतो.

आम्ही राहतो त्या महापे गावाच्या आसपास, पारसिकच्या डोंगरापायथ्याच्या आगरी वस्त्यांतून, कबड्डीची हौस मोठी आहे. चढाई करून वेगाने परतणाऱ्या गड्याचा घोटा कोणी धरला की पाऊल जागीच थांबते, पण धड आपल्या वेगाने पुढे जाते. ओळंबा आधाराबाहेर जाऊन गडी कोसळतो. येथे धरणाऱ्याच्या बळाइतकेच पडणाऱ्याच्या स्वतःच्या वेगाचेही काम असते.

आता पडण्याची गोष्ट. वेग मोडावयाचा तो तेवढाच असतो. तो जितक्या अधिक वेळात मोडेल तितका आघात सौम्य. वेळ दुप्पट झाला तर वेग मोडणारा सरासरी जोर निम्म्यावर येतो. म्हणूनच चेंडू झेलताना हात मागे घेतात व उडीनंतर गुडघे वाकवितात. ताठ हात टेकून पडणाऱ्याचे मनगट मोडते. अंग गोळा करून खांद्यावर लोळणारा बहुधा निभावतो. आखाड्याची माती खणून भुसभुशीत करतात, तीही याचसाठी.

हे ध्यानी घेता, नव्या गृहसंकुलांची आवारे फरशी घालून टणक करण्याची जी चाल पडली आहे ती आम्हास मुळीच रुचत नाही. मोटारी उभ्या करण्यास ती सोयीची खरी. पण ज्या वयात पडण्याचे शिक्षण घ्यावयाचे, त्या वयातच मुलांच्या पायांखालची माती आपण काढून घेतो. संकुलाच्या कारभारात ज्यांच्या शब्दास मान आहे अशा वाचकांनी मातीचा एक चौक तरी मोकळा राखण्याचा आग्रह धरावा.

वृद्धांसही हे शास्त्र परके नाही. उतारवयात काठी घेतली की आधार दोन पावलांवरून तीन टेकूंवर पसरतो. तीत कमीपणा कसला? ओल्या न्हाणीघरात भिंतीस धरावयास दांडी बसवावी, आणि शक्य असेल त्यांनी वैद्यांस विचारून, खुर्चीची पाठ धरून, एका पायावर काही क्षण उभे राहण्याचा नित्य सराव ठेवावा. तोल ही सवयीने राखावयाची वस्तू आहे. नातवाने ती मैदानात कमवावी व आजोबांनी घरात जपावी.