इसापाची गोष्ट आणि तिचें तात्पर्य

द्राक्षें आंबट म्हणणारा कोल्हा ज्याला ठाऊक नाहीं, असा मराठी माणूस विरळाच. आमच्या लिंबागणेशच्या पारावर अक्षरशत्रु म्हातारादेखील ही म्हण सहज वापरून जातो. परंतु ज्याच्या नांवावर ही कथा चालत आली तो इसाप कोण होता, असें विचारलें असतां बहुतेक विद्यार्थी निरुत्तर होतात. आणि गोष्टीचा अर्थ विचारला, तर खालीं छापलेली तात्पर्याची ओळ म्हणून मोकळे होतात. माझें मत असें आहे कीं, इसापाचें चरित्र ज्यानें लक्षांत घेतलें, तो त्याच्या गोष्टी अशा रीतीनें शिकविणार नाहीं.

इसाप हा इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांत होऊन गेला. त्याच्याविषयीं खात्रीची माहिती थोडीच आहे. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो कीं, तो सामोस बेटावरील इयाडमॉन नामक गृहस्थाचा गुलाम होता, आणि डेल्फीच्या लोकांनीं त्याचा वध केला. तो कुरूप व कुबडा होता, इत्यादि आख्यायिका मागाहूनच्या. त्यानें स्वहस्तें लिहिलेला एकही ग्रंथ नाहीं. गोष्टी तोंडोतोंडीं चालत आल्या. तथापि त्यांची योग्यता एवढी कीं, इ. स. पूर्वीं ३९९ सालीं तुरुंगांत मृत्यूची वाट पाहत असतां सॉक्रेटिस त्यांस पद्यरूप देत होता, असें प्लेटोनें लिहून ठेविलें आहे.

गुलामास धन्यासमोर मनांतलें उघड बोलण्याची सोय नसते. म्हणून तो लांडग्याकोल्ह्यांच्या तोंडून बोलतो. हें रहस्य फीड्रस या लॅटिन कवीनें ओळखलें. कारण तोही पूर्वाश्रमींचा गुलामच होता. इसापाच्या अशा बोलण्याचा एक मासला ॲरिस्टॉटलनें दिला आहे. सामोस येथें एका पुढाऱ्यावर प्राणदंडाचा खटला चालला असतां इसापानें गोष्ट सांगितली : एक कोल्हा घळींत अडकला व त्याच्या अंगाला गोचिडी लागल्या. एका काटेरी प्राण्याला दया येऊन त्यानें त्या काढून देतों म्हटलें. कोल्हा म्हणाला, “नको. ह्यांचीं पोटें भरलीं आहेत. ह्या काढल्यास तर दुसऱ्या भुकेल्या येतील आणि उरलेलें रक्तही पितील.” तसाच हा पुढारी आतां श्रीमंत झाला आहे, असें इसापानें लोकांस बजाविलें. ज्याचा कैवार घेतला त्यालाच भरसभेंत गोचीड म्हटलें! आतां ह्याचें तात्पर्य एका ओळींत कोणीं सांगावें?

गोष्टीखालच्या ह्या ओळी पुष्कळशा मागाहून संग्रह करणाऱ्यांनीं जोडल्या आहेत. मराठींत इसाप आला तो मुलांच्या शिक्षणासाठींच. श्वार्ट्‌झ या पाद्र्यापाशीं शिकलेल्या तंजावरच्या सरफोजीराजांनीं १८०६ सालीं ‘बालबोधमुक्तावली’ ह्या नांवानें ह्या कथांचें भाषांतर छापविलें. पुढें १८२८ सालीं बापू छत्रे यांचें भाषांतर मुंबईस निघालें. मराठी छापील गद्याच्या आरंभींच हा गुलाम उभा आहे. हा आपला मान आहे; मात्र शाळेंत येतां येतां गुलामाची गोष्ट नीतिपाठ होऊन बसली.

लहान मुलांस अर्थ सांगावाच लागतो, असा आक्षेप कोणी घेतील. त्यांस मीं पाहिलेला एक प्रसंग सांगतों. आमच्या बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबें ऊसतोडीस जातात. असा एक हंगाम उसाच्या फडांत काढून परत आलेला मुलगा वर्गांत होता. लांडगा व कोकरूं यांची गोष्ट झाली. लांडगा वरच्या अंगास, कोकरूं खालच्या अंगास, तरी पाणी गढूळ केल्याचा दोष कोकरावर! तात्पर्य सांगणार, तोंच तो मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, कोकरूं खरें बोललें, तरी त्याला खाल्लेंच ना?” वर्ग स्तब्ध झाला. मग एक म्हणाला, त्यानें बोलत न बसतां पळावयाचें होतें. दुसरी म्हणाली, त्यानें कळपाबाहेर एकटें जावयाचेंच नव्हतें. तिसऱ्यानें विचारलें, “पण त्यानें उत्तर दिलें नसतें, तर लांडगा खोटा होता हें आपल्याला कसें कळलें असतें?” पुस्तकांतील ओळ त्या दिवशीं वाचावयाची राहून गेली, आणि कोणाचेंही नुकसान झालें नाहीं.

ज्यांच्या आईबापांना उचल देणाऱ्या मुकादमापुढें मान वर करतां येत नाहीं, त्यांच्या मुलांस विचारण्याची व बोलण्याची संवय शाळेनेंच लावली पाहिजे. तयार तात्पर्य पाठ केल्यानें ती लागत नाहीं. म्हणून पालकहो, रात्रीं मुलांस इसापाची गोष्ट अवश्य सांगा, आणि शेवटची ओळ हातानें झांकून ठेवा. “तुला काय वाटतें?” एवढेंच विचारा. आणि विद्यार्थी मित्रहो, कोणीं विचारलें नाहीं, तरी तुम्हीं आपण होऊन सांगा.