जुन्या पिकअपला बोअरचे पाणी पाजू नका



गळीत हंगाम संपला की आपल्या श्रीपूरच्या कारखान्याची चिमणी शांत होते. गव्हाणीत मोळ्या पडायच्या थांबतात, रस्त्यावरच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर नाहीसे होतात. बाहेरच्या माणसाला वाटते, कारखाना झोपला. पण आत जाऊन पाहा. मिलचे रोलर उतरवलेले असतात, पंप उघडलेले असतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जात असतात. श्रीपूरला साखरेची ही परंपरा जुनी आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभी केली आणि पुढे या माळावर साखरेची यंत्रे फिरत आली. आज येथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता, ते चालू असतानाच पुढच्या हंगामाची तयारी ठरवायची, हे शहाणपण आपल्या उंबऱ्याशी आहे.

आता आपल्या दारातल्या पिकअपकडे पाहू. दहा-बारा वर्षांची गाडी. हिनेच खताची पोती आणली, उसाची रोपे आणली, डेअरीला कॅन नेले, डाळिंबाचे क्रेट बाजारात पोचवले, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेले. घरातल्या बैलजोडीइतकीच ती राबते. पण बैलाला पेंड आणि विसावा मिळतो. गाडीला फक्त डिझेल मिळते. मग एक दिवस ती रस्त्यात बसते आणि आपण म्हणतो, "गाडी आता म्हातारी झाली." बहुतेक वेळा ती म्हातारी झालेली नसते, उपाशी असते.

माझीच चूक सांगतो

उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगितलेली बरी. आमच्या घरची पिकअप धाकटा भाऊ चालवतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात ढोबळी मिरचीचा तोडा घेऊन तो पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघाला. निघण्यापूर्वी रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसले, म्हणून मीच बोअरच्या नळाखाली कॅन धरला आणि पाणी ओतले. तसे आम्ही नेहमीच ओतत होतो. इंदापूरच्या पुढे काटा वर चढू लागला. माल नाजूक, बाजार पहाटेचा. "थोडे राहिले आहे, पोचू," असे म्हणून त्याने गाडी दामटली. इंजिनातून वाफा निघाल्या, हेड गॅस्केट गेले, हेड वाकले. दुसरी गाडी मिळेपर्यंत ऊन चढले आणि मिरची सुकली. त्या तोड्याचे पैसे तर गेलेच, इंजिनाच्या कामाला वरून घालावे लागले.

मेकॅनिकने रेडिएटर उघडून दाखवला, तेव्हा मला बोलायला जागा उरली नाही. आतल्या बारीक नळ्या पांढऱ्या खाराने निम्म्याहून अधिक बुजल्या होत्या. हाच खार ठिबकच्या ड्रिपरमध्ये बसतो म्हणून मी वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना आम्ल प्रक्रिया करायला सांगत आलो. गावोगाव फिरून ज्ञान सांगायचे आणि घरच्या गाडीला तेच पाणी पाजायचे, असा हा प्रकार झाला.

खार बसतो कसा?

आपल्या भागातील बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि ते घट्ट थर होऊन भांड्याला चिकटते. अंघोळीच्या बंबात आपल्या भगिनी हा थर रोज पाहतात. या थरातून उष्णता सहज बाहेर जात नाही. इंजिनाची उष्णता पाण्यात यायची, पाण्याने ती रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्याला द्यायची, हा सगळा व्यवहार खारामुळे अडतो. हिवाळ्यात चालून जाते. मे महिन्यात, भरलेल्या गाडीला, चढावर मात्र हिशेब चुकता होतो. कारखान्यातसुद्धा बॉयलरला साधे पाणी देत नाहीत, आधी त्यातील क्षार काढतात. नळीत थर बसला की नळी तापून फुटते, हे त्यांना ठाऊक असते.

म्हणून रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रणच घाला. प्रमाण डब्यावर दिलेले असते. तयार मिश्रणही मिळते. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळते आणि आतला धातू गंजत नाही. जुन्या गाडीत बोअरचे पाणी घातलेले असेल, तर आधी चांगल्या गॅरेजमधून रेडिएटर साफ करून घ्या, मग कूलंट भरा. रबरी पाइप दाबून पाहा. फुगलेले, भेगाळलेले किंवा दाबल्यावर पिठासारखे मऊ लागणारे पाइप बदला. फॅनबेल्टला चिरा असतील तर तोही बदला, आणि जुन्यातला बरा बेल्ट सीटखाली ठेवा. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. त्याचे रबर गेले की पाणी लवकर उकळते. लहान वस्तू आहे, पण दुर्लक्ष करू नका.

दोन सूचना भगिनींनी विशेष लक्षात ठेवाव्यात. गरम रेडिएटरचे झाकण कोणालाही उघडू देऊ नका. उकळते पाणी थेट तोंडावर उडते. आणि कूलंट चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले लगेच धुऊन काढा, डबा पोरांच्या, शेळ्यांच्या आणि कुत्र्यांच्या वाटेत ठेवू नका.

काटा वर चढला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निवायला अर्धा-पाऊण तास द्या. माल उशिरा पोचला तर भाव कमी मिळेल. इंजिन गेले तर तोही मिळणार नाही आणि पुढचे तोडेही अडतील.

तेल, हवा आणि डिझेल

इंजिन ऑइल सकाळी, गाडी सपाट जागी असताना, सुरू करण्यापूर्वी पाहावे. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये ते हवे. ऑइल चहासारखे दुधट दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजा आणि गाडी सुरूच करू नका. ऑइल व त्याचा फिल्टर पुस्तिकेतील किलोमीटरनुसार बदलावा. आपली गाडी धुळीत, भरून आणि थोड्या थोड्या अंतरावर चालते, म्हणून त्याच्या थोडे आधीच बदललेले चांगले. आता तुम्ही म्हणाल, "साहेब, किलोमीटरचा काटाच बंद आहे." मग पहिले काम तोच दुरुस्त करण्याचे. जन्मतारीख माहीत नसलेल्या गायीचे वेत कसे सांगायचे?

एअर फिल्टर म्हणजे गाडीचा सँड फिल्टर. पाणंदीची आणि फडातली धूळ त्याने अडवली नाही, तर ती इंजिनात जाऊन रिंगा आणि सिलेंडर घासते. मग ऑइल जळते, धूर निघतो, ताकद जाते. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका, दगडावर आपटू नका. हलक्या हवेने आतून बाहेर फुंकून घ्या आणि वेळेवर बदला.

डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी अधूनमधून सोडून द्या. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका. रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होते. कॅनमधले डिझेल ओतायचे असेल तर स्वच्छ जाळीतून ओता. नोझल आणि पंपाचे काम महाग पडते, जाळीला खर्च नाही.

ब्रेकच्या बाबतीत उद्या नको

आजवर जे सांगितले त्यात पैशाचे नुकसान आहे. ब्रेकमध्ये जिवाचे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. ओल धरलेले ऑइल लांब उतारावर तापून उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. म्हणून सुमारे दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. त्याच्या डब्यात इंजिन ऑइल कधीही घालू नये. आतले रबर फुगून ब्रेक निकामी होतात. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर त्याच दिवशी गॅरेज गाठा.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काहींना आहे. बूस्टरची मदत इंजिन चालू असतानाच मिळते. इंजिन बंद केल्यावर एक-दोनदा ब्रेक दाबला की ती संपते आणि पेडल दगडासारखे होते. दिवे घाटासारख्या उतारावर असे करणे म्हणजे दोन रुपयांसाठी घर पणाला लावणे होय.

आणखी एक. हौदा मालासाठी आहे. लग्नाला, जत्रेला, वारीला माणसे भरून नेऊ नका. कायद्याने तर ते चुकीचे आहेच, पण एका वळणावर पूर्ण वस्ती उजाड होते.

भार, पाटे आणि गंज

गाडीचा भार आरसीवर लिहिलेला असतो. पाटे बसले म्हणून एक जादा पाटा टाकून घेतला की गाडी उंच दिसते, पण एक्सल, हब बेअरिंग, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. पाट्याने भार झेलण्याची हौस भागते, थांबण्याची ताकद वाढत नाही. ग्रीसच्या निपलांमध्ये वेळच्या वेळी ग्रीस मारून घ्या. पाट्यांच्या पिना, स्टीअरिंगचे सांधे आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस विसरू नका. टायरच्या बाजूला चार अंकांचा आकडा असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी जुन्या, भेगाळलेल्या टायरवर भरलेली गाडी चालवू नये.

शेतकऱ्याची गाडी ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीपेक्षा लवकर गंजते. कारण आपण तीत खत वाहतो. पोटॅश, युरिया, शेणखत यांतील क्षार ओल धरतात आणि पत्रा खातात. खत उतरवले की त्याच दिवशी हौदा आणि खालची चासी पाण्याने धुवा. हौद्याची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवा. गंज दिसला की घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग द्या.

चाळीस पानांची वही

आता सर्वांत स्वस्त सल्ला. एक चाळीस पानी वही घ्या आणि ती घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवा. तारीख, किलोमीटर, काय काम केले, कोणता भाग टाकला, किती खर्च आला, एवढेच लिहायचे. पहिल्या पानावर विमा, पीयूसी आणि फिटनेस यांच्या तारखा लिहा. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी घ्यावे लागते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. दर रविवारी सकाळी दहा मिनिटे त्याच मुलाला सोबत घेऊन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट, टायरची हवा आणि दिवे पाहा. गाडीखालच्या जमिनीवर डाग पडला आहे का तेही पाहा. डाग कसला आहे हे कळले की निम्मा आजार कळला.

मोठी कामे वर्षातून एकदा, मृगाच्या आधी करून घ्या. कारखान्याची दुरुस्ती चालते त्याच दिवसांत आपलीही चालू द्या.

वहीचा दुसरा उपयोग असा की नवी गाडी घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर तीच देते. वर्षभराचा दुरुस्तीखर्च एका बाजूला आणि नव्या गाडीचे वर्षभराचे हप्ते दुसऱ्या बाजूला मांडा. बहुतेक घरांत जुनी गाडीच स्वस्त पडेल. मात्र चासीला तडा गेला असेल, किंवा ती गंजून पोखरली असेल, तर मोह सोडा. वरून रंग देऊन ती दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका, भंगारात द्या.

आमच्या घरची पिकअप त्या मे महिन्यानंतर आजही चालू आहे. वही पुतणीकडे असते. मागच्या आठवड्यात मी कॅन घेऊन गाडीकडे जाताना दिसलो, तर तिने ओसरीवरूनच विचारले, "काका, पाणी कुठले आहे ते?" कॅनमध्ये डिस्टिल्ड वॉटर होते. पण तिने विचारले, याचा मला फार आनंद झाला.

या रविवारी एवढेच करा. रेडिएटर थंड असताना झाकण उघडा आणि आत बोट घालून पाहा. बोटाला पांढरी पूड लागली, तर पुढच्या तोड्याआधी गॅरेजला जा.