‘चर्च’ शब्दाचा अर्थ कोणीं ठरवावा?

इंग्रजी शिकलेल्या एखाद्या गृहस्थास ‘चर्च’ म्हणजे काय असें विचारलें, तर ‘ख्रिस्ती लोकांचें देऊळ’ असें उत्तर तो तत्काळ देईल. ‘प्रीस्ट’ म्हणजे पुरोहित आणि ‘बिशप’ म्हणजे त्याचा वरिष्ठ, हेंही तो तितक्याच सहज सांगेल. व्यवहारापुरतीं हीं उत्तरें चालतात. परंतु याच शब्दांच्या अर्थांवरून एके काळीं इंग्लंडांत मोठा कलह माजला होता, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून या शब्दांचा कुलवृत्तांत आज आम्ही त्यांच्यापुढें ठेवितों.

बायबलांतील नवा करार मूळ ग्रीक भाषेंत आहे. त्यांत ‘चर्च’च्या जागीं ‘एक्लेसिया’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ इमारत नव्हे, तर बोलाविल्यावरून एकत्र जमलेले लोक. अथेन्स नगरांत नागरिकांच्या सभेसही हेंच नांव होतें. ‘प्रीस्ट’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून निघाला त्याचा अर्थ वडील माणूस. ‘बिशप’ म्हणजे मुळांत देखरेख करणारा. ‘डीकन’ म्हणजे सेवक. आणि लॅटिन भाषेंतून आलेल्या ‘पास्टर’ व ‘मिनिस्टर’ या शब्दांचे मूळ अर्थ अनुक्रमें मेंढपाळ व चाकर. फार काय, पेढीवरचा ‘क्लार्क’ देखील याच घराण्यांतला! मध्ययुगांत युरोपांत लिहिणें-वाचणें मुख्यत्वें धर्मोपदेशकांच्या वर्गासच येत असे, म्हणून त्या वर्गाचें नांव पुढें कारकुनास पडलें. तात्पर्य, जीं नांवें सेवेचीं होतीं त्यांपैकीं कित्येक कालांतरानें सत्तेचीं झालीं.

विल्यम टिंडल यानें १५२६ सालीं नवा करार थेट ग्रीकवरून इंग्रजींत आणून छापविला. त्यांत त्यानें ‘चर्च’ ऐवजीं ‘काँग्रिगेशन’, म्हणजे मंडळी, हा शब्द घातला. ‘प्रीस्ट’ ऐवजीं प्रथम ‘सीनियर’ व १५३४ च्या आवृत्तींत ‘एल्डर’ असें लिहिलें. आणि ‘चॅरिटी’ ऐवजीं ‘लव्ह’ हा साधा शब्द योजिला. सर टॉमस मोर यांनीं १५२९ सालीं नेमका याच तीन शब्दांवर आक्षेप घेतला. शतकानुशतकें रूढ झालेले शब्द एका माणसानें स्वमतानें बदलावे काय, हा त्यांचा प्रश्न अगदींच पोकळ नव्हता. पण मुळांत ‘मंडळी’ लिहिली असतां वाचकास इमारत आणि अधिकारी कां दाखवावे, हा टिंडलचा प्रश्न त्याहून खोल होता. राजा हाच इंग्लंडांतील चर्चचा प्रमुख, हें कबूल न केल्यामुळें मोर यांचा १५३५ सालीं शिरच्छेद झाला. आणि पुढच्याच वर्षीं पाखंडाच्या आरोपावरून टिंडल यास ब्रसेल्सजवळ गळा आवळून मारून जाळण्यांत आलें. चर्च म्हणजे कोण आणि तें कोणाचें, हा वाद केवळ कोशकारांचा नव्हता, हें यावरून दिसेल.

पुढें राजा जेम्स यानें नवें भाषांतर करविलें व तें १६११ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत टिंडलची पुष्कळ वाक्यें जशींच्या तशीं आलीं. परंतु धर्मसंस्थेचे जुने शब्द राखावे, ‘चर्च’च्या जागीं ‘काँग्रिगेशन’ घालूं नये, असा नियमच भाषांतरकारांस घालून दिला होता. बिशप गेले तर राजाही राहणार नाहीं, असें मानणाऱ्या राजाकडून दुसरी अपेक्षा ती काय करावी?

आतां आमच्या भाषेकडे पाहावें. मराठी बायबलांत ‘मंडळी’, ‘वडील’, ‘अध्यक्ष’ व ‘सेवक’ हेच शब्द आहेत. ज्या शब्दासाठीं टिंडल यास निंदा सोसावी लागली, तोच मराठींत विनासायास रूढ झाला! उलट गोव्यांतील ‘इगर्ज’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आलेला, पण त्याच ‘एक्लेसिया’चा वंशज, आणि तो मात्र इमारतीचें नांव होऊन बसला. पंडिता रमाबाई यांनीं मूळ भाषांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचिलीं, तीं साध्या स्त्रीपुरुषांस अर्थ स्वतः कळावा म्हणूनच.

शाळामास्तरांस व कोशकारांस आमची एवढीच विनंती आहे कीं, अशा शब्दास एकच मराठी प्रतिशब्द चिकटवून थांबूं नये. त्याचें मूळही सांगावें. व्यापारी बंधूंनींही ‘चॅरिटी’ खात्यांत रक्कम मांडतांना क्षणभर स्मरावें कीं, ज्या ग्रीक शब्दासाठीं हा शब्द बायबलांत आला त्याचा अर्थ प्रीति असा आहे. रक्कम दिली म्हणजे प्रीति दिली असें होत नाहीं. शब्दाचा अर्थ सत्ताधाऱ्यानें सांगावा आणि लोकांनीं मान डोलवावी, ही रीत ज्या समाजांत चालते, त्या समाजांत सेवकाचा धनी होण्यास फार काळ लागत नाहीं.