आईचे काळीज हा पुरावा नव्हे

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर व तिच्या पुढील भागांवर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर गाजली आणि आपल्या घरांतील तरुणांपर्यंतही पोहोचली. ती मालिका कुटुंबाने एकत्र बसून पाहावी असे मी मुळीच म्हणणार नाही. तिच्यातील हिंसा आणि नग्नता उघड आहे. परंतु त्या कथेतील एका आईच्या कृत्याबद्दल तरुणमंडळी जो निवाडा सहजपणे देऊन मोकळी होतात, तो मला साफ अमान्य आहे; आणि त्या निवाड्याला उत्तर म्हणून वडीलधारी मंडळी जो बचाव पुढे करतात, तो तर मला अधिक धोक्याचा वाटतो. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांनी ती कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. कॅटलिन स्टार्क ही विंटरफेल या उत्तरेकडील गढीची स्वामिनी, पाच मुलांची आई. तिचा ब्रॅन नावाचा लहानगा मुलगा एका उंच मनोऱ्यावरून खाली पडतो आणि बेशुद्धावस्थेत अंथरुणाला खिळतो. पुढे एका रात्री गढीतील ग्रंथालयाला आग लावून सर्वांचे लक्ष तिकडे वेधले जाते आणि एक मारेकरी मौल्यवान खंजीर घेऊन त्या निपचित पडलेल्या मुलाच्या खोलीत शिरतो. कॅटलिन उघड्या हातांनी खंजिराचे पाते धरते. तिचे तळवे हाडापर्यंत कापले जातात. मुलाचा पाळीव लांडगा मारेकऱ्याचा जीव घेतो आणि मूल वाचते.

त्यानंतर ती गुप्तपणे राजधानी गाठते. तेथे पीटर बेलिश हा तिचा बालपणीचा स्नेही तिला सांगतो की, तो खंजीर एकेकाळी आपलाच होता, पण एका पैजेत आपण तो टिरियन लॅनिस्टरपाशी हरलो. टिरियन हा राणीचा ठेंगू भाऊ. तिचे पती नेड सत्य शोधून काढण्याचे काम स्वतःकडे घेतात. तिने निमूटपणे घरी परतावे आणि उत्तरेचा बंदोबस्त पाहावा, असे ठरते. परतीच्या वाटेवर चौरस्त्यावरील एका सराईत अकस्मात टिरियनच तिच्यासमोर उभा राहतो व तिला नावाने हाक मारतो. तेव्हा कॅटलिन उठते, सराईतील सैनिकांच्या अंगावरची चिन्हे ओळखून आपल्या वडिलांच्या मांडलिकांना एकेक करून साद घालते आणि त्या माणसाला तेथल्या तेथे कैद करविते. विचार करायला तिने काही क्षणही घेतलेले नसतात. टिरियन मात्र त्या गुन्ह्यापुरता निर्दोष असतो.

पहिला पक्ष म्हणतो, ‘या बाईच्या मूर्खपणामुळे युद्ध पेटले.’ यात तथ्य नाही असे नाही. मुलगा धरला गेल्याचे कळताच टायविन लॅनिस्टर आपली माणसे कॅटलिनच्या माहेरच्या मुलखावर सोडतो आणि ज्यांनी टिरियनचे नावही ऐकले नव्हते अशा शेतकऱ्यांची घरे जळतात. राजधानीत नेडच्या माणसांची भर रस्त्यात कत्तल होते. ठिणगी तिच्या हातून पडली, हे मान्यच केले पाहिजे. पण दारू कोणी साठवली होती? मुलाला मनोऱ्यावरून ढकलणारा राणीचा जुळा भाऊ जेमी, राज्याच्या प्रधानाला विष घालणारे हात, खोट्या वारसाला सिंहासनावर बसवू पाहणारी राणी, ही सगळी मंडळी त्या सराईत नव्हती. पण युद्ध त्यांचेच होते.

शिवाय या निवाड्यात एक उघड पक्षपात आहे. नेड आपल्याला समजलेले गुपित स्वतःहून राणीला सांगतो आणि त्यात प्राण गमावतो. तो त्याचा ‘उदारपणा’. थोरला मुलगा रॉब दिलेला शब्द मोडून भलतीशी लग्न करतो व सैन्यासह नाश पावतो; ते त्याचे ‘तारुण्य’. आई चुकली की तो मात्र ‘मूर्खपणा’! नेडचा वध झाल्यावर सरदारांच्या सभेत तह करा, घरी चला, असे म्हणणारी एकटी कॅटलिनच होती, आणि तिचे न ऐकता त्यांनी रॉबला राजा म्हणून जयघोष केला, हे तर कोणी आठवतही नाही. पुरुषाच्या चुकीला कारण शोधायचे आणि स्त्रीच्या चुकीला स्वभाव ठरवायचे, ही आपली जुनी खोड कादंबरी वाचतानाही सुटत नाही.

आता दुसरा पक्ष. तो म्हणतो, ‘आईचे काळीज आहे ते. जिच्या लेकरावर सुरी उगारली गेली, तिने आणखी काय करावे?’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे अधिक आवश्यक आहे. काळीज म्हणजे पुरावा नव्हे. प्रेमाची खोली कितीही असली, तरी एखाद्या विशिष्ट माणसाने विशिष्ट गुन्हा केला की नाही, हे त्या खोलीत डोकावून कळत नाही. उलट ज्याचे प्रेम अधिक त्याची भीती अधिक, आणि भ्यालेल्या डोळ्याला प्रत्येक सावली चोर दिसते.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. कॅटलिनने दोनदा झडप घातली. एकदा मुलाच्या बिछान्यापाशी आणि एकदा सराईत. दोन्ही वेळी आई तीच, हात तेच आणि विचाराला वेळ न देणारी ऊर्मीही तीच. पहिल्या वेळी ती थांबून विचार करीत बसली असती, तर मूल मेले असते. तेथे अविचार हेच कर्तव्य होते, कारण संकट डोळ्यांसमोर उभे होते, त्याच्या हातात शस्त्र होते. सराईत मात्र समोर काय होते? प्रवासाने थकलेला, रात्रीच्या मुक्कामाला जागा मागणारा एक माणूस. संकट होते ते तिच्या मनात. म्हणून तिने ऊर्मीने वागावे की नाही हा प्रश्नच नव्हे. प्रत्यक्ष सुरी धरणे आणि सुरीचा संशय धरणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेच मला सांगायचे आहे. आणि एवढेच दोन्ही पक्ष विसरतात.

कोणी म्हणेल, टिरियनने तिला ओळखले होते. तो जाऊन राणीला सांगणार होता. तिला दुसरा मार्गच नव्हता. हे खरे नाही. त्याच चौरस्त्यावरून एक वाट तिच्या माहेराला जात होती. ‘माहेरी निघाले आहे’ एवढे शब्द पुरेसे होते. जगात याहून कमी संशयास्पद असा स्त्रीचा प्रवास दुसरा कोणता?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘सुम्मा थिओलोजिका’ या ग्रंथात संशयाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. अल्पशा खुणांवरून दुसऱ्याच्या चांगुलपणाविषयी शंका येणे, ही पहिली. ती मानवी दुर्बलता आहे. तेवढ्याच खुणांवरून त्याचा दुष्टपणा निश्चित मानणे, ही दुसरी. येथे अन्याय सुरू होतो. आणि संशयावरूनच न्यायाधीशाने माणसाला दोषी ठरविणे, ही तिसरी. तो तर न्यायाचाच भंग होय. बेलिशचे बोलणे ऐकताना कॅटलिन पहिली पायरी चढली, त्याच बैठकीत दुसरी. आणि सराईत तर तिने तिसरीवर पाऊल ठेवले. फिर्यादी तीच, पोलीस तीच, न्यायाधीशही तीच.

तिच्याजवळ पुरावा होता तरी कोणता? ती मनात म्हणत असेल, माझ्याजवळ दोन साक्षी आहेत. बहीण लायसाने गुप्त पत्र पाठवून कळविले होते की, आपल्या पतीला, म्हणजे राज्याच्या प्रधानाला, लॅनिस्टरांनी मारले. दुसरी साक्ष बेलिशची, खंजिराबद्दल. दोघेही घरच्यासारखे, दोघांचे बोट एकाच घराण्याकडे. मोशेच्या नियमशास्त्रानेही दोन किंवा तीन साक्षीदार मागितले आहेत ना? पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’ या तिसऱ्या भागात वाचकाला कळते की, प्रधानाला विष लायसानेच घातले होते. विष घालण्याची सूचना बेलिशची होती आणि ते पत्रही त्याच्याच सांगण्यावरून लिहिले गेले होते. म्हणजे साक्षी दोन, पण तोंड एकच! नियमशास्त्र दोन साक्षीदार मागते ते डोकी मोजण्यासाठी नव्हे; एकाचे खोटे दुसऱ्याकडून उघडे पडावे म्हणून मागते.

दानिएलच्या ग्रंथातील सुझान्नेची कथा येथे आठवावी. दोन प्रतिष्ठित वडील तिच्याविरुद्ध एकमुखाने साक्ष देतात आणि सभा तिला देहान्त शिक्षा ठोठावते. तरुण दानिएल काय करतो? तो दोघांना वेगळे करतो आणि एकच साधा प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? उत्तरे दोन येतात आणि निर्दोष स्त्री वाचते. कॅटलिनच्या हाती असा प्रश्न होता. ती पैज पाहणारे इतर लोक दरबारात होते. त्यांतील एकालाही तिने विचारले नाही. पुढे वाटेत टिरियन स्वतःच तिला दोन गोष्टी सांगतो: आपल्या घरच्या माणसाविरुद्ध आपण कधीच पैज लावीत नाही, आणि मारेकऱ्याच्या हाती स्वतःचाच खंजीर देण्याइतका मूर्ख कोण असेल? तेथे तिचे मन प्रथम डळमळते. म्हणजे ज्या प्रश्नांनी सुरुवात व्हायची, ते प्रश्न माणूस बांधून नेल्यावर आले, आणि तेही कैद्याच्या तोंडून.

मला सर्वांत बोचते ती गोष्ट वेगळीच आहे. कॅटलिनचा संशय पूर्णपणे खोटा नव्हता. ब्रॅनला ढकलणारा जेमी हा लॅनिस्टरच. मारेकरी धाडणारा राणीचा मुलगा जॉफ्री होता, या निष्कर्षाला तिसऱ्या भागात टिरियन आणि जेमी हे दोघे भाऊ आपापल्या परीने पोहोचतात. म्हणजे तोही त्याच रक्ताचा. घराणे बरोबर, माणूस चुकीचा! निव्वळ खोटा संशय लवकर उघडा पडतो. अर्धा खरा संशय मात्र माणसाला आंधळा करतो. ‘त्या घरातले सगळे तसलेच’ हे वाक्य आपल्या गावांत बांधाच्या भांडणापासून सोयरिकीपर्यंत किती वेळा उच्चारले जाते! त्या घरातील एकाने खरोखर काही केलेले असते, आणि त्याची शिक्षा रस्त्यात प्रथम भेटलेल्या दुसऱ्याला मिळते.

आणि धरलेला माणूस धरणाऱ्याच्या हाती राहत नाही. डोंगरातील वाटेवर कॅटलिनच्या सोबतची माणसे टोळ्यांच्या हल्ल्यांत बळी पडली. बहिणीच्या गडावर पोहोचताच लायसाने कैदी स्वतःच्या ताब्यात घेतला. तेथे चौकशी झाली नाही, साक्ष झाली नाही, द्वंद्वयुद्ध झाले. एका भाडोत्री लढवय्याने टिरियनच्या वतीने ते जिंकले आणि तो सुटून गेला. तिकडे राजधानीत नेडला पत्नीला वाचविण्यासाठी खोटे बोलावे लागले की, ही अटक माझ्याच आज्ञेने झाली. सत्यवचनी म्हणून नावाजलेल्या पुरुषाला तिच्या एका क्षणाने असत्य बोलायला लावले.

हे सारे कादंबरीत घडले म्हणून सोडून द्यावे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच माणसांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्या पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाच्या हातून मेले. अशा जमावांत भीती असते ती बहुधा लेकरांची आणि घरादाराची. भीती खरी असते. माणूस चुकीचा असतो. आणि आज बेलिशला राजधानीत राहण्याचीही गरज उरलेली नाही. त्याचे पत्र एका क्षणात शंभर भ्रमणध्वनींवर पोहोचते, आणि शंभर ठिकाणांहून आले म्हणून आपल्याला शंभर साक्षी वाटतात. तोंड मात्र तेव्हाही एकच असते.

म्हणून कॅटलिनला मूर्ख म्हणणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की, तिच्याजागी तुम्ही असता तर याहून शहाणपणाने वागला असता असे समजू नका. लेखकाने तुम्हांला टिरियनच्या मनात डोकावू दिले, तिला नाही. आणि ‘आईचे काळीज’ म्हणून तिला पाठीशी घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगणे आहे की, हेच वाक्य उद्या एखाद्या निरपराधाला चौकात बांधून ठेवणारा जमावही तुम्हांला ऐकवील. मुलावर सुरी उगारली जात असेल, तर पाते उघड्या हाताने धरा. देव तुम्हांला बळ देवो. पण सुरी कोणाची हे ठाऊक नसेल, तर प्रथम विचारा: हे कोणी पाहिले, ते सांगणाऱ्याला कोणी सांगितले, आणि ज्याच्यावर आळ आहे त्याचे म्हणणे ऐकले काय? एवढे विचारण्याइतका वेळ त्या सराईत होता.