बंबाची वाट

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला आणि आग विझवावयास धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. भाषणे होतात, प्रात्यक्षिके होतात, हुतात्म्यांना अभिवादन होते. या सप्ताहात एखाद्या नागरिकाने शहरातील एखाद्या बड्या व्यापारी संकुलाच्या वाहनतळावर जाऊन एकच साधा प्रश्न विचारावा. येथे आग लागलीच, तर बंब कोणत्या वाटेने आत येणार? ती वाट नकाशावर सापडेल. जमिनीवर मात्र तिच्यावर मोटारी उभ्या असल्याचे अनेक ठिकाणी दिसेल.

नियमांची वाण आहे असे नव्हे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उंच इमारतीभोवती बंब फिरू शकेल अशी किमान ६ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी, प्रवेशद्वार किमान ४.५ मीटर रुंद हवे आणि ४५ टनांपर्यंतच्या बंबाचे वजन पेलेल इतकी ती जमीन भक्कम हवी. ही शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. आजच्या संकुलात वाहनतळ तळघरात असतो आणि त्याच्या छतावरूनच बंबाला जावे लागते. बंबाची रुंदी तर सुमारे अडीच मीटरच. मग सहा मीटर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, उंच शिडीच्या बंबाला आपले आधाराचे पाय दोन्ही बाजूंस पसरून जमिनीवर रोवावे लागतात. त्याखेरीज शिडी वर उचलता येत नाही. नळ्या अंथराव्या लागतात, आणि त्याच वेळी आतली माणसे बाहेर पडत असतात. एका बाजूस मोटारींची नुसती एक रांग लागली, तरी बंब कदाचित आत येईल, परंतु त्याची शिडी उघडणार नाही.

वाहनतळाची बेपर्वाई किती महाग पडते, हे दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहाने दाखवून दिले आहे. १३ जून १९९७ रोजी तेथे तळमजल्यावरील वाहनतळात असलेल्या विजेच्या रोहित्राला आग लागली. त्याच्या निकट, मंजूर मर्यादेपेक्षा अधिक मोटारी उभ्या केलेल्या होत्या. रोहित्राचे तेल पेटले, मोटारी पेटल्या आणि धूर वर सज्जात शिरला. तेथे जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची एक वाट आधीच बंद करण्यात आली होती. ५९ माणसे मेली. खाली जादा मोटारी आणि वर जादा खुर्च्या! दोन्हींच्या मागे हिशेब एकच होता. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेले उत्पन्न, हा तो हिशेब. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने मालक बंधूंना आणखी कारावास न देता प्रत्येकी ३० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंड कितीही मोठा असला, तरी ज्याला तो भरता येतो त्याच्या लेखी ती शिक्षा राहत नाही, किंमत होते.

या प्रश्नाचे मूळ जमिनीच्या अर्थकारणात आहे. शंभर मीटर लांब आणि सहा मीटर रुंद पट्टा म्हणजे ६०० चौरस मीटर जमीन. तिच्या एकाच कडेला एकामागे एक उभ्या केल्या तरी वीसेक मोटारी मावतात, आणि प्रत्येक मोटारीमागे तासाचे भाडे येते. ती वाट मोकळी ठेवल्याचा लाभ मालकाच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. तो लाभ आतल्या शेकडो माणसांचा आहे, आणि तोही एखाद्याच अशुभ दिवशी प्रत्ययास येणारा. नफा रोजचा व खाजगी, धोका मात्र सार्वजनिक. अशा व्यवहारात केवळ सद्बुद्धीवर विसंबून चालत नाही. तेथे समाजालाच हस्तक्षेप करावा लागतो.

तो हस्तक्षेप आज कसा होतो? महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र त्यांनी दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावयाचे असते. परंतु या संस्थेची नेमणूक मालक करतो आणि तिचे शुल्कही तोच भरतो. परीक्षकाचा पगार परीक्षार्थीने द्यावा, असाच हा प्रकार आहे. शिवाय वर्षातून दोन दिवस वाट मोकळी करून दाखविणे मुळीच अवघड नाही. मुंबईत गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागून १४ माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे हातोडे शहरभर बेकायदा बांधकामांवर पडू लागले. जी बांधकामे एका रात्रीत सापडली, ती आदल्या दिवशी दिसत नव्हती काय?

पिवळे पट्टे आखण्याला रंगाचा डबा पुरतो. पट्ट्यावर मोटार उभी राहू न देण्याला मात्र अधिकार लागतो, आणि तो कंत्राटी रखवालदाराच्या हाती नसतो. मोटारवाल्याला अडविले तर नोकरी जाणार आणि न अडविले तर दुर्घटनेनंतर पोलीस त्यालाच धरणार, अशा कात्रीत तो सापडतो. म्हणून दोष खालच्या पायरीवर ढकलण्याची सोय प्रथम बंद झाली पाहिजे. बंबाच्या वाटेवर भाड्याने मोटारी उभ्या केलेल्या आढळल्यास संकुलाचा परवाना स्थगित व्हावा. मंजूर नकाशा, त्यातील ही वाट ठळक दाखवून, प्रवेशद्वारावर सर्वांना दिसेल असा लावला जावा. तपासणी पूर्वसूचनेविना व्हावी, तिचा अहवाल जाहीर व्हावा आणि तपासणीच्या वेळी तेथे काम करणाऱ्या कामगारांचे प्रतिनिधी हजर असावेत. कारण ग्राहक तासाभरात निघून जातो. बारा-बारा तास त्या छपराखाली स्वयंपाकी, विक्रेते, सफाई कामगार आणि रखवालदार राहतात.

ती सहा मीटरची वाट या माणसांची आहे. ती भाड्याने देण्याचा हक्क मालकाला नाही, आणि तिच्याकडे डोळेझाक करण्याचा महापालिकेलाही नाही.