जुनी गाडी आणि नवी प्रतिष्ठा

गेल्या महिन्यात पाथरीच्या बसस्थानकासमोर आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने मला गाठले आणि एक गाडी पाहायला चलण्याचा आग्रह धरला. गाडी साधीसुधी नव्हती. परदेशी बनावटीची, डिझेलवर चालणारी, उंच आणि ऐटबाज. नवी असताना तिची किंमत पंचेचाळीस लाखांच्या घरात होती. आता तिला अकरा वर्षे झाली होती आणि ती दोन लाख चाळीस हजार किलोमीटर धावली होती. मालक बारा लाख मागत होता. आमचा कार्यकर्ता आठ एकर कोरडवाहूचा धनी. मी किंमत ऐकून गप्प राहिलो, तेव्हा तोच म्हणाला, "काका, फटफटीवर गेलं तर तहसीलात शिपाई बी ओळख देईना. अशा गाडीतून उतरलं की खुर्ची पुसून देतेत."

या एका वाक्यात जो प्रश्न सामावला आहे, त्याची टवाळी करून चालणार नाही. चैनीची हौस म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. परंतु हा मुलगा चैनीसाठी गाडी मागत नव्हता, तो मान मागत होता. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून घेण्यासाठी त्याने ज्या खेपा घातल्या होत्या, त्या मला ठाऊक आहेत. नागरिकाला जे हक्काने मिळावयास हवे, ते चाकांच्या उंचीवरून मिळते असा त्याचा अनुभव असेल, तर दोष प्रथम त्या व्यवस्थेचा आहे. ज्या फकिराचे जन्मस्थान कोणते या वादामुळे जानेवारी २०२० मध्ये पाथरीचे नाव राज्यभर गाजले, त्याचे आयुष्य भिक्षेच्या झोळीवर गेले. त्याच गावात माणसाची पारख तो कशातून उतरला यावरून व्हावी, हे काही त्या तरुणाचे पाप नव्हे.

तथापि रोगाचे निदान बरोबर असले म्हणून औषध बरोबर असतेच असे नाही. म्हणून आम्ही हॉटेलात बसून हिशेब मांडला.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. बाजारात तो किती जणांच्या पदरात पडला, हा वेगळा विषय. पण तो पडला असे धरले तरी बारा लाख रुपये म्हणजे २२५ क्विंटल सोयाबीन. आठ एकरांत, एकरी आठ क्विंटलचा चांगला उतारा धरून, वर्षाला चौसष्ट क्विंटल होतात. म्हणजे खते, बियाणे, मजुरी आणि घरखर्च शून्य मानला तरी साडेतीन वर्षांचे संपूर्ण पीक त्या गाडीत जाणार. पुढे वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरायचे आणि लिटरला दहा किलोमीटर मिळायचे म्हटले, तर दीड हजार लिटर डिझेल लागते. लिटरला नव्वद रुपये धरले तर एक लाख पस्तीस हजार. हे पुन्हा पंचवीस क्विंटल झाले. तीन एकरांचे पीक निव्वळ टाकीत ओतायचे!

यात दुरुस्ती अजून आलेली नाही. किंबहुना खरी मेख तेथेच आहे. जुन्या आलिशान गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. पंचेचाळीस लाखांच्या गाडीचा टर्बो बारा लाखांच्या गाडीला स्वस्तात मिळत नाही. दोन-अडीच लाख किलोमीटरच्या सुमारास डिझेल गाडीत इंजेक्टर, टर्बो, क्लच किंवा स्वयंचलित गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे सारे एकामागून एक कामाला येऊ लागते. अशा गाड्यांची अधिकृत कार्यशाळा परभणी जिल्ह्यात नाही; छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि गाडी बंद पडली असेल तर दुसऱ्या गाडीवर लादून न्यावी लागते.

आता असा प्रश्न विचारला पाहिजे की ही गाडी अकरा वर्षे ज्याने वापरली त्याने तिचे काय दिले? असा पहिला मालक बहुधा एखादी कंपनी, कंत्राटदार किंवा बडा व्यावसायिक असतो. व्यवसायासाठी घेतलेल्या मोटारीवर प्राप्तिकराच्या हिशेबात दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा वजा करता येतो. या दराने दहा वर्षांत कागदावरची सुमारे ८० टक्के किंमत करपात्र उत्पन्नातून वजा होते. कर्जाचे व्याज आणि इंधनही व्यवसायाच्या खर्चात पडते. म्हणजे त्या ऐटीचा एक हिस्सा सार्वजनिक तिजोरीने सोसलेला असतो. आमच्या कार्यकर्त्याला मात्र शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही, त्यामुळे काही वजा करण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय जुन्या गाडीच्या कर्जाला नव्या गाडीपेक्षा अधिक व्याज लागते. गाडीच्या आयुष्यातील सुखाचा काळ वरच्या वर्गाने उपभोगावा, तिची झीज आणि आजारपण खालच्या वर्गाने विकत घ्यावे, आणि तेही प्रतिष्ठा म्हणून घ्यावे, असा हा व्यवहार आहे.

देशादेशांतही हेच चालते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान व अमेरिकेतून जगभर १ कोटी ४० लाख जुन्या मोटारी निर्यात झाल्या. त्यांपैकी सुमारे ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या, आणि निम्म्याहून अधिक आफ्रिकेत. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. त्यानंतर त्या नियमात बदल आणि सवलती होत राहिल्या. परंतु दिल्लीत नकोशा झालेल्या डिझेल गाड्या ना-हरकत दाखल्यावर इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. राजधानीच्या फुप्फुसांना जो धूर सोसत नाही, तो गावखेड्यांच्या फुप्फुसांना सोसतो, असा कोणता शोध लागला आहे?

इतके असूनही ज्याला गरजेपोटी जुनी गाडी घ्यावी लागते, त्याला उपदेश करून भागणार नाही. दवाखाना दूर आहे, एसटीच्या फेऱ्या अपुऱ्या आहेत, हे आपण रोज पाहतो. अशा माणसाने निदान फसू नये. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना, स्वतःसमोर सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी पुष्कळ दुखणी लपवते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात आणि स्वतःचा मिस्त्री सोबत न्यावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुरातील काजळी गाळणारे फिल्टर असते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ते तुंबते व बदलायला फार महाग पडते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात हाहाकार उडवला. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून चकचकीत करता येते, पण गालिच्याखालचा चिखल आणि आसनांच्या खिळ्यांवरचा गंज खोटे बोलत नाही.

कागदपत्रांची गोष्ट तितकीच महत्त्वाची. गाडीवर कर्जाचा बोजा, थकलेला दंड, विम्याची मुदत हे सर्व परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. परराज्यातील गाडी असेल तर येथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, हे स्वस्त किमतीत धरलेले नसते. विकणाऱ्यानेही नाव बदलल्याखेरीज निश्चिंत होऊ नये. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. आणि भाव ठरवताना हे विसरू नये की २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील कर ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी लाखांनी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव जुनाच का?

योगायोगाने याच निर्णयातून एक गोष्ट उघड होते. करसवलत द्यावयाची तर ती आलिशान मोटारीलाही मिळते. एसटीचे भाडे मात्र जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. ऑगस्ट १९६३ मध्ये डॉ. लोहियांनी लोकसभेत देशातील कोट्यवधी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे ठणकावून सांगितले आणि पंतप्रधानांवरच्या रोजच्या खर्चाशी त्याची तुलना केली. आकड्यांवर वाद झाला, परंतु सत्तेचा डौल आणि सामान्यांची मिळकत एकाच कागदावर मांडण्याची सवय त्यांनी आपल्याला लावली. आज पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांचे ताफे पाहताना ती सवय आपण हरवून बसलो आहोत. एवढेच नव्हे, तर त्या ताफ्यातील उतरलेली गाडी आपल्या दारात उभी राहावी ही आपली महत्त्वाकांक्षा झाली आहे. ज्या कार्यकर्त्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे, तो हप्ता भरणारा कोणीतरी शोधतो. आणि असा कोणीतरी निवडणुकीच्या तोंडावर हमखास भेटतो. तरुण कार्यकर्ते आपल्याकडून निघून जातात ते बहुधा याच रस्त्याने.

म्हणून हिशेब संपल्यावर मी त्याला एवढेच सुचवले की, तुझ्यासारखे किती जण सातबाऱ्यासाठी खेपा घालत आहेत त्यांची यादी कर. दोन आठवड्यांत त्याने एकेचाळीस नावे आणली. अर्जाच्या तारखेसह, कोणत्या टेबलावर कागद अडला त्यासह. येत्या सोमवारी हे एकेचाळीस जण एसटीने, सायकलीने, फटफटीने तहसील कचेरीत जाणार आहेत आणि लेखी उत्तर घेतल्याशिवाय परतणार नाहीत. खुर्ची पुसून मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण एकेचाळीस माणसांना ओळख न देणे शिपायालाही जड जाईल. तालुक्यातील साथींनी त्या दिवशी वेळ काढावा. गाडीचा विषय त्याने अजून सोडलेला नाही. मालकाने सोमवारपर्यंतच थांबतो म्हटले आहे.