विश्लेषण : पूर्णाकाठच्या हिमयुगीन गाळाला संरक्षण का नाही?

लोणारचे विवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांच्या यादीत आहे. 2020 मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. तेथून उत्तरेला, अकोला-अमरावतीच्या पूर्णा खोऱ्यातील गाळाचे थर मात्र अशा कोणत्याही यादीत नाहीत.

वऱ्हाडात हिमयुग?

बर्फ इथे नव्हता. जगाच्या उत्तरेकडे हिमनद्या पसरल्या तेव्हा मान्सून क्षीण झाला आणि दख्खन कोरडे पडले. नद्यांचे वाहणे, गाळ टाकणे बदलले. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचत गेल्याने पूर्णेने तिथे शेकडो मीटर जाडीचा गाळ साठवला. अकोल्याजवळ गांधीग्रामच्या काठावर या गाळात ज्वालामुखीची राख सापडते. ती सुमात्रातील टोबाच्या, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली जाते. पुणे जिल्ह्यातील बोरीच्या राखेच्या वयावरून मात्र अभ्यासकांत बराच वाद झाला. राखेचा थर म्हणजे गाळाच्या वहीतली तारीखच. तो कुठे, किती खोलीवर, कशाच्या वर-खाली आहे हे जागेवरच पाहावे लागते. उपसलेल्या ढिगाऱ्यातून ते कळत नाही.

शेतकऱ्याचा काय संबंध?

खारपाणपट्टा. इथे पूर्वी समुद्र होता, असे अनेकदा ऐकू येते. मृदाशास्त्रज्ञ मात्र कोरड्या हवामानाकडे बोट दाखवतात : जमिनीतील कॅल्शियम चुन्याच्या खड्यांत अडकले, सोडियम उरला आणि काळी जमीन पाणी मुरू देईनाशी झाली. त्यामुळे पाऊस घटल्यास हा पट्टा कसा वागेल, याचा पुरावा त्याच थरांत शोधावा लागेल.

कायदा कुठे अडला?

वाळू आणि मुरूम ही गौण खनिजे. 1957 च्या खाण व खनिज कायद्याने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. महसूल यंत्रणेच्या लेखी तो ब्रासमध्ये मोजायचा माल असतो, त्यामुळे थराचे वय कोणी विचारत नाही. केंद्राने भूवारसा स्थळांसाठी डिसेंबर 2022 मध्ये विधेयकाचा मसुदा जाहीर केला, पण त्याचा कायदा झाला नाही. शिवाय स्मारकाचा दर्जा सहसा डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींना मिळतो. विवर पाहायला पर्यटक येतात, मातीची दरड पाहायला कोण येणार?

सगळा काठ राखणे शक्य नाही, आवश्यकही नाही. मोजक्या दरडी निवडून तेवढ्याच वाळू घाटांच्या लिलावातून वगळता येतील. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा प्रशासनाने नकाशावर खूण केली तरी सुरुवात होईल.